चहा निवायच्या आतला विजेता

कुठेही आत शिरताना तो आधी वाकायचा. उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकवायची, मग कपाळाला लावायची आणि मगच पाऊल आत टाकायचं. देवळात असं सगळेच करतात. हा बसमध्ये चढताना करायचा, बँकेत शिरताना करायचा, न्हाव्याच्या दुकानात करायचा. एकदा एका मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी वाकला. बोटं कपाळाला लागेपर्यंत ती पायरी वर निघून गेली होती आणि मागे रांग खोळंबली होती. मी म्हणालो, "अहो, नमस्कार केलात ती पायरी गेली." तर म्हणाला, "असू द्या. सगळ्या एकाच घरातल्या आहेत."

कसबा पेठेत तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. बुटका, रुंद, मानेच्या जागी थेट खांदे, आणि दोन्ही कान चेपून बंद झालेले, मातीतल्या पैलवानांचे होतात तसे. त्याचं एक वाक्य होतं. माझी स्कूटर चालू होईना, मंडईतल्या भाजीवालीचा मुलगा दहावीला नापास झाला, कुणाचं लग्न मोडलं, काहीही झालं तरी तो कमरेवर हात ठेवून विचारायचा, "पाठ लागली का? नाही ना? मग कुस्ती चालू आहे." मातीतल्या कुस्तीत हरणं म्हणजे पाठ जमिनीला लागणं. तोवर तुम्ही खाली असा, उलटे असा, कुणी तुम्हाला हरलेलं म्हणू शकत नाही. याचा सगळा वेदान्त एवढाच होता.

मी त्याला ओळखायचो ते कामामुळे. मी माईकवाला. लग्न, वाढदिवस, सोसायटीचं गॅदरिंग, जिथे बोलावतील तिथे निवेदन करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुणाने आयटीतली नोकरी सोडून पुण्यात फ्रीस्टाइल कुस्तीचे शो सुरू केले. टीव्हीवर परदेशातले दाखवतात तसे. चौकोनी रिंग, भोवती दोर, धूर, प्रत्येक पैलवानाचं वेगळं गाणं आणि विजेत्याच्या कमरेला बांधायचा सोनेरी पट्टा. निकाल अर्थातच आधी ठरलेले. प्रेक्षकांना वाटायचं मालक ठरवतात. ठरवायचो मी. कोण कुणाचा वैरी, कोण कुणाला दगा देणार, पट्टा कुणाकडून कुणाकडे जाणार, हे सगळं माझं लिखाण. नाव कुठे येत नसे, पण हॉलमधली माणसं माझ्या मनासारखी ओरडायला लागली की अंगावर मूठभर मांस चढायचं.

शो व्हायचे पेठेतल्या एका मंगल कार्यालयात, मुहूर्त नसलेल्या रविवारी. पैलवान कपडे बदलायचे वधूपक्षाच्या खोलीत. दारावर 'वधूपक्ष' ही पाटी आणि आत सात-आठ धटिंगण अंगाला तेल चोळत बसलेले. कार्यालयाच्या मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "उड्या मारायला गाद्या लागतील तर घरून आणाव्यात. इथल्या वऱ्हाडासाठी आहेत."

या मंडळींत आमचा पैलवान वयाने सगळ्यांत मोठा. नाव ठेवलं होतं 'कसब्याचा बुरूज'. काम एकच, हरायचं. नव्या पोरांना मोठं करायला कुणीतरी मोठा पडावा लागतो. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या आणि वर पातळ फोम. माणूस पाठीवर पडला की हॉल दणाणायचा. कसं पडायचं, हनुवटी छातीला कशी लावायची, हे तोच सगळ्यांना शिकवायचा.

मी एकदा डिवचलं. "पैलवान, दर रविवारी तुमची पाठ लागते. मग कुस्ती चालू कशी?"

"ती बुरुजाची पाठ हो, माईकवाले. तिचं काय. माझी अजून लावायचीय कुणीतरी."

रिंगमध्ये चढण्याआधी तो चड्डीच्या पट्ट्यातून एक पुडी काढायचा आणि कोपऱ्यात चिमूटभर लाल माती टाकायचा. मालक वैतागायचे, "दादा, पांढरं कॅनव्हास आहे, कॅमेऱ्यात डाग दिसतो." तो हो म्हणायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा टाकायचा.

ती माती तालमीतली होती. पण तालमीत तो जात नव्हता. म्हणजे जाऊ शकत नव्हता.

ज्या तालमीत तो लहानाचा मोठा झाला, तिथले वस्ताद अजून होते. खऱ्या कुस्तीत याने गदा एकदाही उचलली नाही. दर वेळी शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचायचा आणि दुसरा यायचा. मग गुडघा गेला. वस्ताद म्हणाले, बस आता, पोरांना शिकव. याला बसवेना. हा आमच्याकडे आला. वस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी तालमीच्या दारात उभं राहून सांगितलं, "घरून निघतानाच निकाल माहीत असतो, ती कुस्ती नव्हे. जा तिकडे. किताब मिळवशील तेव्हा उंबरा ओलांड."

रागात बोललेलं वाक्य. पण याने ते जसंच्या तसं धरलं. रोज पहाटे तालमीवरून जायचा. गल्लीकडे एक गजांची खिडकी होती. तिच्यातून हात घालून मूठभर माती घ्यायचा.

"चोरी आहे ही," मी म्हणालो.

"आहेच. पण हात आत गेला म्हणजे मी आत गेलो असं होत नाही ना? शब्द मोडत नाही." मग खूश होऊन म्हणाला, "आणि नशीब बघा, कुस्तीचा हौद पार त्या टोकाला आहे, पण माती नेमकी खिडकीशी येऊन पडलेली असते. पोरं झाडताना तिकडे लोटत असतील."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या हंगामात मालकांना पट्टा द्यायचा होता 'काळा चित्ता' या पोराला. जिममधलं शरीर, फोटोत देखणा, मोबाइलवर त्याला मागणी. मालक मला परदेशातल्या कुस्त्यांच्या क्लिप दाखवत बसायचे. त्यांत एक प्रकार असा असायचा, की एखादा थकलाभागला माणूस जन्मात पहिल्यांदा विजेता होतो, पट्टा उचलतो, रडतो, आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी रिंगमध्ये घुसून त्याला पाडतो. घाम वाळायच्या आत राज्य खालसा. अशा औटघटकेच्या विजेत्यांच्या लोक याद्या करतात, पुन्हा पुन्हा बघतात, हसतात.

मालक नुसते दाखवत होते. बोललो मी. "आपण असं करू. आधी बुरूज जिंकू दे. कसबा पेठ उठून नाचेल. आणि चहा निवायच्या आत चित्ता पट्टा काढून घेईल."

मालक खुर्चीतून उठले. "सर, काय क्लिप होईल ही! फक्त दादांना सांगू नका. त्यांचा चेहरा रिअल पाहिजे."

पुढे सगळ्या पेठेने मालकांना शिव्या घातल्या. मीही मान हलवली. कल्पना माझी होती.

मी त्याला अर्धंच सांगितलं. मंडईजवळ चहाच्या टपरीवर उभे होतो. म्हणालो, "पैलवान, येत्या रविवारी पट्टा तुमचा."

त्याने चहाची बशी खाली ठेवली. "मस्करी नाही ना?"

"नाही."

"मग न्यायला मिळेल?"

"घरी? मिळेल की."

"घरी नको हो. तालमीत. मारुतीच्या पायाशी ठेवीन, वस्तादांच्या हातात देईन. खोटा किताब आहे, मला कळतं. पण वस्तादांनी खरा-खोटा म्हटलं नव्हतं, किताब म्हटलं होतं. एक रात्र पुरे. सकाळी तुमचा तुम्हाला."

तेव्हा सांगता आलं असतं. टपरीवर तिसरं कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणालो, "एक रात्र कशाला? पुढच्या शोपर्यंत तुमच्याकडेच राहील."

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं, की त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवला नाही. ते खरं नाही. मला माझी गोष्ट मोडायची नव्हती. त्याला कळलं असतं तर तो आलाच नसता, किंवा आला असता तर वस्तादांना बोलावलं नसतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला हवं होतं ते उमटलं नसतं. चांगलं लिहून झालेलं होतं सगळं.

त्याने वस्तादांना बोलावलं. खिडकीतून. गजांपाशी उभा राहून आत ओरडला, "वस्ताद, रविवारी किताबाची कुस्ती आहे. या." आतून उत्तर आलं नाही. पण रविवारी रिक्षातून वस्ताद उतरले, धोतर, पटका आणि हातात काठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरच्या माणसाला आवाजावरून ओळखायचे. पहिल्या रांगेत बसवलं तर आधी काठीने रिंगची कड ठोकून पाहिली. धप्प, धप्प.

"हे काय, तबला आहे का?" वस्तादांनी विचारलं.

"फळ्या आहेत, वस्ताद," कुणीतरी म्हणालं.

"मातीत पाठ मुकाट लागते. ही बोंब मारणार म्हणायची," ते म्हणाले आणि काठीवर हनुवटी ठेवून बसले.

बाकीच्या कुस्त्या उरकल्यावर शेवटी किताबाची कुस्ती आली, ती जशी लिहिली होती तशी झाली. बुरुजाने तेव्हाच्या विजेत्याला खांद्यावर उचलून आपटलं. हॉल असा उसळला, की वरच्या गॅलरीतून अक्षता पडल्या. आदल्या लग्नाच्या राहिल्या असतील. पेठेतली माणसं हलगी घेऊन आली होती. मला कुणीतरी चहाचा कप आणून दिला.

त्याच्या कमरेला पट्टा बांधला. त्याने तो लगेच सोडला, दोन्ही हातांत धरला आणि दोरांतून वाकून खाली बघायला लागला, पहिल्या रांगेत. वस्ताद कुठे आहेत हे शोधत होता. एक पाय दोराबाहेर टाकला.

चित्त्याचं गाणं सुरू झालं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माईक तोंडाशी धरून उभा होतो आणि बोलत होतो. काय बोललो ते त्या क्लिपमध्ये आहे, अजून लोक बघतात. मला ऐकवत नाही. चित्त्याने त्याला मागून ओढलं, पंचाने नव्या कुस्तीची घंटा वाजवली, आणि पट्टा रिंगच्या कोपऱ्यात, त्याने टाकलेल्या त्या मातीवर पडला.

आमची काम करायची एक पद्धत होती. पाडलेल्या माणसाच्या शेजारी पंच दोनदा फळ्यांवर हात मारायचा आणि तिसऱ्यासाठी हात उचलून थांबायचा. मी माईकवर लांब सुरात "आणि..." म्हटलं की तिसरा हात खाली यायचा. म्हणजे कुस्ती संपायची ती माझ्या आवाजावर.

चित्त्याने त्याला कुशीवर पाडलं आणि उलथवत छातीवर बसला. एरवी हा मुकाट पाठ टाकायचा. त्या दिवशी त्याने डोकं फळ्यांना टेकवलं, टाचा रोवल्या आणि सगळं अंग उचललं. गुडघा गेलेला माणूस, वर एक तरुण बसलेला, आणि खाली कमान. हॉल गप्प झाला. चित्ता दातांतल्या दातांत म्हणत होता, "दादा, टाका ना. दादा, प्लीज." पंचाने घाईत दोन हात मारले आणि तिसरा उचलून माझ्याकडे बघत राहिला.

मी आता कडेच्या खुर्चीत बसलो होतो, डोळे बरोबर रिंगच्या फळ्यांच्या उंचीवर. त्याच्या पाठीखालून मला पलीकडचा दिवा दिसत होता. पाठ आणि फळ्या यांच्यामध्ये उजेडाची एवढी मोठी फट होती.

मी थांबू शकत होतो. हॉल वेडा झाला असता. पण गोष्ट तशी लिहिलेली नव्हती. मी म्हणालो, "आणि..."

पंचाचा हात खाली आला. घंटा झाली. मी नव्या विजेत्याचं नाव पुकारलं. माझ्या कपातला चहा अजून गरम होता.

तो कमानीतच होता. त्याचं डोकं उलटं, डोळे माझ्याकडे. मग त्याने हळूच कूस बदलली आणि हातांवर उठला. पाठ त्याने टेकवलीच नाही. उठून खाली पाहिलं तर वस्तादांची खुर्ची रिकामी होती.

वधूपक्षाच्या खोलीत तो आरशासमोर बसला होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "माईकवाले, पाठ लागली होती का?"

आयुष्यभर तेच वाक्य बोलत आलेला माणूस, पण त्या दिवशी तो खरंच विचारत होता.

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग तेवढं वस्तादांना सांगाल? पट्ट्याचं जाऊ द्या. तो तुमच्या खेळातला होता, आला, गेला. पण त्यांना दिसत नाही. त्यांनी फक्त तुमचा आवाज ऐकला, मी हरलो म्हणून. त्याच आवाजाने सांगा, की पाठ लागली नव्हती."

"तुम्हीच सांगा की."

"हरलेल्याने स्वतःचा पंच व्हायचं नसतं, अहो. तुम्ही सांगितलंत की मग मी जाईन."

मी सांगतो म्हणालो. गेलो नाही. पाठ लागली नव्हती असं सांगायचं, तर मग मी का ओरडलो, हे सांगावं लागलं असतं. त्यापुढचंही. कसबा पेठेत लोक मला 'या सर' म्हणतात. मी म्हटलं, या आठवड्यात नको. मग म्हटलं, गणपती होऊ देत.

त्याने पुन्हा दोन-तीनदा विचारलं, दर वेळी आधीपेक्षा संकोचून. "झालं का हो जाणं?" मी म्हणायचो, "बघू." मग विचारणं बंद झालं. आणि हळूहळू ते दुसरं वाक्यही बंद झालं. भाजीवालीचा मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा हा नुसता उभा होता. तीच म्हणाली, "पैलवान, विचारा की आज. पाठ लागली का म्हणून." हा हसला आणि कोथिंबीर घेऊन निघून गेला.

शो पुढे बंद पडले. तो शहराबाहेर मांजरी गावात एका नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. एका वाढदिवसाच्या निवेदनासाठी मी त्याच सोसायटीत गेलो. समोर ऊस, मागे उंच इमारती, मध्ये पत्र्याची केबिन आणि तिच्यात तो, खांद्यांना आखूड झालेल्या गणवेशात. मला बघून उठला. टेबलावर बिस्किटांच्या डब्यात लाल माती होती.

"अजून आणता?"

"सुट्टीच्या दिवशी जातो की बसने. खिडकी आहे तिथेच आहे."

ड्यूटीवर येताना तो त्या गेटच्या सिमेंटलाही हात लावून कपाळाला लावायचा, असं दुसऱ्या वॉचमनने सांगितलं. सोसायटीतली लहान मुलं त्याचं बघून तसंच करायला लागली होती आणि आयांना ते आवडत नव्हतं. कपडे मळतात.

निघताना मी गाडीची काच खाली घेतली. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "वस्ताद बरे आहेत ना?"

"असतील," मी म्हणालो.

त्याने गेट उघडलं आणि सलाम केला. मला सलाम केला.

गेल्या थंडीत तो गेला. छातीत दुखलं, केबिनमध्येच. अंत्यविधीला मी गेलो होतो. आमच्या शोमधलं आणखी कुणी नव्हतं, फक्त चित्ता आला होता आणि लहान मुलासारखा रडत होता. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी तालमीत गेलो. आता त्याला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून गेलो. तेवढीच माझी हिंमत.

दुपारची वेळ होती. तालीम रिकामी. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. माझी पावलं ऐकून म्हणाले, "कोण?"

मी नाव सांगितलं.

"अच्छा. माईकवाले." आवाज लक्षात होता त्यांच्या.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पट्ट्याची कल्पना माझी, त्याला खोटं सांगितलं ते मी. आणि मग, ज्यासाठी त्याने मला पाठवलं होतं ते, "वस्ताद, त्याची पाठ लागली नव्हती."

"माहीत आहे."

"तुम्हाला दिसलं?"

"मला कुठलं दिसतंय? ऐकलं. तुमच्या त्या फळ्या. संध्याकाळभर जो पडला त्याची पाठ धाडकन वाजली. ह्याची वाजली नाही. तुम्ही 'आणि' म्हणून ओरडलात, तेव्हा मनात म्हटलं, ह्या माणसाला काय झालं?"

मी विचारलं, "मग तुम्ही उठून का गेलात?"

"तालीम उघडायला," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे होती. पोरं सगळी तिकडे हलगी वाजवत होती, इथे कुलूप होतं. म्हटलं, पट्टा गेला तरी हा पाठ कोरी घेऊन येईल. दार उघडलं, दिवा लावला, परतलेल्या पोरांना हौद उकरून ठेवायला सांगितला. हा आला नाही."

"तो माझी वाट बघत होता," मी म्हणालो. "मी तुम्हाला सांगेन आणि मग यावं, असं त्याचं..."

वस्तादांनी काठी बाजूला ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"निरोप तरी पाठवायचात," मी म्हणालो. मला तरी काय अधिकार होता विचारायचा.

"ज्याच्या त्याच्या घरात त्याला बोलवायचं असतं का हो?" असं म्हणून ते भिंत धरून उठले. "चला. माझी वेळ झाली."

ते चाचपडत हौदापाशी गेले, वाकले, बोटं मातीला लावून कपाळाला लावली. तेल, हळद, ताक घालून मळलेली ती माती. तिचा वास मी त्याच्या अंगाला कायम घेतलेला. त्यांनी एका घमेल्यात दोन-तीन ओंजळी भरल्या आणि ते उचलून भिंतीला हात लावत लावत गल्लीकडच्या खिडकीशी आले. मी घमेलं घ्यायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या."

खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर त्यांनी माती ओतली. हाताने सारखी केली. मग गजांकडे ओढून घेतली, अगदी कडेपर्यंत.

"हौद लांब पडतो. त्याचा हात पोचत नसे," ते म्हणाले. "आता सवय झालीये."

मी बाहेर आलो. उंबऱ्यापाशी वाकावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. गल्लीतून वळसा घालून त्या खिडकीसमोर उभा राहिलो. गजांच्या आत ओली लाल माती होती, बाहेरून सहज हात पोचेल इतकी जवळ. वरचा थर आत्ता टाकलेला, खालचा वाळून फिका पडलेला, त्याच्या खाली आणखी एक. कुठेही बोटं उमटलेली नव्हती.